हबसाणची सुपारी आणि नगरचा बाजार

नगरच्या बाजारात सुपारीचा व्यापार करणारे एक तांबोळी गृहस्थ आमच्या परिचयाचे आहेत. सारी आळी त्यांना चाचा म्हणते, आम्हीही तेच म्हणतो. दुकानातल्या पोत्यांवर आसाम, मंगळूर अशा चिठ्ठ्या असतात; पण कोपऱ्यातल्या एका पोत्याला चाचांचे वडील 'हबसाणी' म्हणत आणि चाचाही तेच म्हणतात. बाजारात तिचे नाव श्रीवर्धनी रोठा. आकाराने मोठी, फोडली की आतून पांढरी, अडकित्त्याखाली मऊ. लग्नसराईत आणि गणपती-नवरात्रात हीच सुपारी मागणारी जुनी गिऱ्हाइके चाचांकडे ठरलेली आहेत.

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा या पट्ट्यात पोफळी आणि माड काही तासांत आडवे झाले. त्या वर्षापासून कोपऱ्यातले पोते कधी अर्धे, कधी रिकामे. चाचांनी दक्षिणेकडचा माल वाढवला, धंदा चालू ठेवला; पण जुने गिऱ्हाईक हातात सुपारी घेऊन फिरवते आणि खाली ठेवते, हे त्यांना सोसवेना. गेल्या थंडीत त्यांनी ठरवले की स्वतः जाऊन वाड्या पाहायच्या आणि पुढच्या हंगामासाठी बयाणा द्यायचा की हा माल कायमचा सोडायचा, याचा निकाल लावायचा. आम्हाला म्हणाले, "तुम्ही पण चला. तुम्हाला लिहायला मिळेल, मला सोबत होईल." आम्ही गेलो.

वाचक विचारतील, हे हबसाण कुठे आले? आजच्या नकाशात हे नाव सापडणार नाही. हबसाण म्हणजे जंजिरा संस्थान. हबशी म्हणजे हबशाचे, आजच्या इथिओपियाचे लोक; त्यांचा मुलूख तो हबसाण. रायगड जिल्ह्यातील मुरूड, म्हसळा आणि श्रीवर्धन हे तालुके म्हणजे साधारण हा मुलूख. उत्तरेला कुंडलिका नदीची रोह्याची खाडी, दक्षिणेला सावित्रीची बाणकोट खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला डोंगर, आणि मधोमध राजपुरीची मोठी खाडी आत शिरून मुलखाचे दोन तुकडे करते. काठेवाडातले जाफराबादही याच संस्थानाच्या ताब्यात होते. ते सोडले तर क्षेत्रफळ ३२४ चौरस मैल आणि १९०१ च्या शिरगणतीत लोकसंख्या ८५,४१४. आमच्या नगर जिल्ह्यात अशी वीस संस्थाने सहज मावतील. एवढ्याशा मुलखाने सव्वातीनशे वर्षे आपले निशाण टिकवले, आणि त्याची सुरुवात झाली ती आमच्या नगरच्या निजामशाहीतून. ही गोष्ट नगरमध्ये फार थोड्यांना माहीत आहे.

नगरचे बंदर

आम्ही पहाटे नगर सोडले. शिरूर, पुणे, बोरघाट उतरून खोपोली, पेण आणि अलिबाग. अलिबागच्या पुढे चौल लागले, तेव्हा आम्ही चाचांना म्हटले, "हे आपले बंदर." ते चकित झाले. समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या नगरला बंदर कसले?

पण होते. मलिक अहमद हा बहमनी राज्याचा जुन्नरचा सुभेदार. १४९० साली त्याने भिंगारजवळ बहमनी फौजेचा पराभव केला, स्वतंत्र झाला आणि १४९४ मध्ये अहमदनगर शहराचा पाया घातला. जुन्नरला असतानाच त्याने कोकणातले किल्ले घ्यायला सुरुवात केली होती, कारण घाटावरच्या राज्याला घोडे लागत आणि घोडे अरबस्तान व इराणहून समुद्रमार्गे येत. ते चौलला उतरत. पोर्तुगीज प्रवासी बार्बोझा याने सोळाव्या शतकाच्या आरंभी चौलचे वर्णन लिहून ठेवले आहे. डिसेंबरपासून मार्चपर्यंत देशावरचे व्यापारी बैलांचे तांडे घेऊन चौलजवळ उतरत, माल विकत, माल घेत आणि घाट चढून परत जात. खाली जाताना कापड व धान्य, वर येताना नारळ, मसाले आणि धातू. चाचा हे ऐकून म्हणाले, "म्हणजे आपणही त्याच महिन्यात निघालो की." खरेच, आम्ही जानेवारीत निघालो होतो.

पोर्तुगिजांना चौलच्या खाडीच्या तोंडाशी रेवदंड्याला जागा मिळाली ती निजामशहाच्या परवानगीनेच. पुढे ते डोईजड झाले. १५७० मध्ये मुर्तजा निजामशहा मोठी फौज घेऊन स्वतः चौलवर चालून आला. वेढा महिनोन्‌महिने चालला आणि १५७१ मध्ये तह करून त्याला परत फिरावे लागले. रेवदंड्याची तटबंदी आजही माडांच्या गर्दीत उभी आहे. रस्ता तिच्यातूनच जातो, त्यामुळे गाडीतून न उतरताही ती पाहून होते. आमच्यासारख्या घाईत असलेल्या व्यापारी माणसांना ही सोय बरी.

पाण्यातला किल्ला

रेवदंड्याच्या खाडीवरचा पूल ओलांडला की हबसाण लागते. काशीदचा पांढरा वाळूचा किनारा, डाव्या हाताला फणसाडचे जंगल. हे जंगल म्हणजे नवाबांचे शिकारीचे राखीव रान. १९८६ साली ते अभयारण्य जाहीर झाले. मग नांदगाव आणि मुरूड. मुरूडच्या अलीकडे उंच जागी समुद्राकडे तोंड करून नवाबांचा अहमदगंज राजवाडा उभा आहे. तो खाजगी मालकीचा आहे, आत जाता येत नाही. रस्त्यावर थांबून पाहावा आणि पुढे जावे.

जंजिरा हा शब्द अरबी 'जझीरा' म्हणजे बेट यावरून आला. राजपुरी गावासमोर खाडीच्या तोंडाशी हे बेट आहे. परंपरा सांगते की तेथे कोळ्यांचा मेढेकोट, म्हणजे लाकडी खांबांचा कोट होता आणि राम पाटील हा त्यांचा नायक होता. निजामशहाने पाठवलेला पिरमखान व्यापाऱ्याच्या वेषात गलबते घेऊन आला, आसरा मागितला, पाटलाला व त्याच्या माणसांना दारू पाजली आणि मालाच्या पेट्यांतून शिपाई बाहेर काढून कोट घेतला. वाटाडे ही गोष्ट मोठ्या चवीने सांगतात. आम्हाला मात्र ती ऐकताना थोडे अवघडल्यासारखे होते. व्यापाऱ्याला आसरा देणाऱ्याचा विश्वासघात झाला, तो व्यापाऱ्याच्याच वेषात. धंदा करणाऱ्याने त्यात अभिमान काय मानायचा?

दगडी किल्ला नंतरचा. १५६७ ते १५७१ या काळात बुऱ्हाणखानाने तो बांधला असे मानले जाते. म्हणजे मुर्तजा निजामशहाचे चौलच्या वेढ्यात हात पोळत होते, त्याच सुमारास थोडे दक्षिणेला हा दगड चढत होता. चौल हातून गेले, जंजिरा राहिला.

निजामशाहीच्या दरबारात हबशी सरदारांचे वजन मोठे. त्यातला सर्वांत थोर मलिक अंबर. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून बाजारात विकला गेलेला हा मुलगा निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने विकत घेतला. पुढे तो स्वतः पेशवा झाला. १६०० साली नगरचा किल्ला मोगलांनी घेतल्यावरही त्याने सव्वीस वर्षे निजामशाही जिवंत ठेवली. जमीनमहसुलाची त्याने लावलेली घडी पुढच्या राज्यकर्त्यांनीही वापरली. १६२६ मध्ये तो वारला, कबर खुलताबादला आहे. त्याच्या काळात जंजिऱ्यावर सिद्दी सरदारांचा जम बसला. १६३६ मध्ये निजामशाही बुडाली, सिद्दी विजापूरच्या आदिलशहाचे झाले आणि १६७० च्या सुमारास मोगलांचे. सुरतेहून तांबड्या समुद्राकडे जाणारी व्यापारी आणि हजची जहाजे राखणे हे त्यांचे काम ठरले. एक गोष्ट आम्हाला विशेष वाटते. येथे बापामागून मुलगाच गादीवर येई असे पुष्कळ काळ नव्हते. आरमारातला जो सरदार कर्तबगार, तो पुढे येई. पुढे वारसाची पद्धत आली आणि तिच्याबरोबर वारसांची भांडणेही. अशाच एका भांडणात १७९१ साली एका दावेदाराला सुरतेजवळचा मुलूख मिळाला आणि सचीन हे वेगळे संस्थान उभे राहिले.

शिवाजी महाराजांनी हा किल्ला घेण्याचा अनेकदा प्रयत्न केला. त्यावर नजर ठेवायला मुरूडसमोरच्या कासा बेटावर त्यांनी पद्मदुर्ग बांधला. मुरूडच्या वाळूतून तो स्पष्ट दिसतो. संभाजी महाराजांनी तर १६८२ मध्ये किनाऱ्यापासून बेटापर्यंत समुद्र बुजवण्याचे काम सुरू केले होते. थोरल्या बाजीरावांनी १७३३ मध्ये मोहीम काढली आणि बराच मुलूख घेतला, पण बेट राहिले. इंग्रजांनाही सिद्दीचा हिसका बसला. १६८९ मध्ये सिद्दी याकूतखानाने मुंबई बेटावर उतरून इंग्रजांना त्यांच्या किल्ल्यात कोंडले. त्यांनी औरंगजेबाची माफी मागितली, दीड लाख रुपये दंड भरला, तेव्हा वेढा उठला. हे सारे वाचताना आपला कोण आणि परका कोण असा हिशेब करू नये असे आमचे मत आहे. सिद्दीच्या चाकरीत मराठी कारभारी आणि कोळी खलाशी होते, आणि मराठ्यांच्या आरमारात मुसलमान दर्यावर्दी होते. पोटाची आणि निष्ठेची गणिते त्या काळीही आजच्याइतकीच गुंतागुंतीची होती.

राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीने किल्ल्यात जातात. होडी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसत नाही. दोन बुरुजांच्या आड तो असा बसवला आहे की शत्रूच्या तोफेला नेम मिळू नये. पायऱ्यांशी होडी हेलकावत राहते आणि खलाशी हात धरून एकेकाला वर घेतात. चाचांचे वय सत्तरीकडे झुकलेले, पण खलाशाने "चाचा, लाट वर आली की पाय टाका, खाली बघू नका" म्हणताच त्यांनी बरोबर टाकला. दरवाजात हत्तींना पंजांत धरलेल्या वाघासारख्या प्राण्याचे शिल्प आहे. आत पीर पंचायतन आहे, कलालबांगडी ही प्रसिद्ध तोफ आहे, सुरूलखानाच्या वाड्याचे पडके मजले आहेत, आणि चारी बाजूंनी खारे पाणी असताना आत गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव आहेत. स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे किल्ल्यात वस्ती होती. हळूहळू माणसे राजपुरीला येऊन राहिली. आज किल्ल्याचा पहारा वाऱ्याकडे आणि पुरातत्त्व खात्याकडे.

आमच्या गवंडी बांधवांनी येथे एक गोष्ट मुद्दाम पाहावी. समुद्राच्या बाजूचे कित्येक दगड खाऱ्या वाऱ्याने खाऊन टाकले आहेत, मधाच्या पोळ्यासारखे झाले आहेत. पण दोन दगडांमधला चुना कोरल्यासारखा पुढे उभा आहे. दगड झिजला, सांधा राहिला. घाणीत मळलेला चुना कसा असतो हे शब्दांत सांगण्यापेक्षा हाताने चाचपून पाहिलेले बरे. नगरच्या जुन्या इमारतींवर काम केलेल्या गवंड्यांच्या घरात हे कसब दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत होते. आज जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीला चुन्याचे काम जाणणारा माणूस मिळत नाही अशी सगळीकडे ओरड असते. ज्याच्या घरी आजोबा अजून आहेत, त्याने विचारून घ्यावे.

होड्यांचा हिशेब

होडीतून परत येताना आम्ही खलाशाशी धंद्याची बोलणी काढली. या किनाऱ्यावरच्या कोकणी मुसलमानांचा मूळ धंदा दर्याचा. तांडेल, सारंग, खलाशी म्हणून त्यांनी मुंबईच्या जहाजांवर नोकऱ्या केल्या, पुढे आफ्रिका आणि आखाती देश गाठले. घरोघरी कोणी ना कोणी परदेशी आहे. मागे राहिलेल्यांनी होड्या धरल्या. पावसाळ्यात समुद्र खवळतो, किल्ला बंद राहतो. म्हणजे वर्षाच्या आठ-नऊ महिन्यांत बारा महिन्यांचे कमवायचे. त्यातही दिवाळी, नाताळ आणि शनिवार-रविवार हेच खरे दिवस. होडीवाला, वाटाड्या, धक्क्यावर शहाळी विकणारा, सरबत विकणारी बाई, खानावळवाला, खोल्या भाड्याने देणारा अशा कितीतरी चुली या एका पडक्या किल्ल्यावर पेटतात. मासे पकडणाऱ्यांचे वेगळे. मुरूड-राजपुरीकडचे सुके बोंबील, सोडे, सुकट घाटावरच्या आठवडे बाजारांत पोचतात, नगरमध्येही.

येथे आम्हाला आमच्या नगरची आठवण झाल्याशिवाय राहिली नाही. जिल्ह्यात शिर्डीला आणि शनिशिंगणापूरला रोज हजारो माणसे येतात. त्यातली किती नगर शहरात उतरतात? शहराजवळच्या डोंगरावर सलाबतखानाची तीन मजली कबर आहे, जिला लोक चांदबिबीचा महाल म्हणतात. फराहबाग आहे, बागरोजा आहे, दमडी मशीद आहे, आणि ज्या भुईकोट किल्ल्यात पंडित नेहरूंनी १९४२ ते १९४५ या कैदेत 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले तो किल्ला आहे. निजामशाहीत खापरी नळांनी शहरभर पाणी खेळवले होते, त्याचे अवशेष आहेत. राजपुरीच्या लोकांकडे एक किल्ला आहे आणि त्यावर गाव चालते. आमच्याकडे राजधानी आहे आणि तिच्याभोवती चहाची टपरीही नीट चालत नाही. चूक सरकारची म्हणावी तर तेवढे पुरे होत नाही. पाहुण्याला कबरीपर्यंत नेऊन दोन शब्द नीट सांगणारा एक रिक्षावालाही आम्ही तयार केलेला नाही. चाचा म्हणाले, "माझा नातू रिक्षा चालवतो. त्याला विचारतो." त्यांनी नंतर विचारले की नाही, ते आम्ही पुन्हा काढले नाही.

२०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यात जवळचाच खांदेरी आहे, आमच्या शेजारचा शिवनेरी आहे. जंजिरा त्या यादीत नाही, कारण ती यादी मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याची आहे. पण खांदेरी पाहायला येणारा प्रवासी पन्नास-साठ किलोमीटर पुढे येईलच, असे येथील खानावळवाल्यांचे गणित आहे. ते चुकीचे वाटत नाही.

संध्याकाळी आम्ही खोकरीला गेलो. मुरूडहून राजपुरी खाडीच्या बाजूला काही किलोमीटरवर सिद्दींचे तीन घुमट आहेत. मोठा सुरूलखानाचा, शेजारी सिद्दी कासीम आणि सिद्दी खैरियत यांचे. आजूबाजूला झाडी आणि शेती, गर्दी अजिबात नाही. दगडी जाळ्यांचे काम नाजूक आहे. जंजिऱ्याला हजारो माणसे येतात, त्यांतली फारच थोडी येथवर पोचतात. आम्ही फातिहा पढलो. आम्हाला विचाराल तर सगळ्या प्रवासात याच जागेवर अधिक वेळ द्यावा.

संस्थानाच्या शेवटच्या काळाविषयी थोडे सांगितले पाहिजे. नवाब सिद्दी अहमदखान यांनी १८७९ ते १९२२ राज्य केले. मुरूडला गारंबीच्या धरणाचे पाणी त्यांच्याच काळात आले, शाळा निघाली. त्यांच्या बेगम नाझली या मुंबईच्या फैजी घराण्यातल्या, विदुषी अतिया फैजी यांच्या भगिनी. १९०८ मध्ये त्यांनी नवाबांबरोबर युरोपचा प्रवास केला आणि त्याचे वर्णन 'सैर-ए-युरोप' या नावाने उर्दूत लिहिले. मौलाना शिबली नोमानी जंजिऱ्याचे पाहुणे होऊन गेले. बेटावरच्या या छोट्या दरबाराचे नाव लाहोरपर्यंत पोचले होते. १९४८ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि कुलाबा जिल्ह्याचा भाग झाले. १९८१ पासून तो रायगड जिल्हा.

पलीकडची वाडी

दुसऱ्या दिवशी सकाळी आगरदांड्याहून गाडीसकट फेरीबोटीत चढलो आणि दिघीला उतरलो. काही मिनिटांचे काम. रस्त्याने जायचे तर सारी खाडी वळसा घालावी लागते. दिघीला मोठे बंदर झाले आहे, आणि केंद्र सरकारने २०२४ च्या ऑगस्टमध्ये ज्या बारा औद्योगिक शहरांना मंजुरी दिली त्यांत दिघीचे नाव आहे. किनाऱ्याने जाणाऱ्या सागरी महामार्गात या खाडीवर पुलाचीही योजना आहे. पूल झाला की फेरीबोटीवाल्याचे काय, वाडीच्या जमिनीचे भाव चढले की वाडीचे काय, हे प्रश्न बोटीवर उघड चर्चेत होते. एक तरुण म्हणाला की त्याला कारखान्यात नोकरी मिळाली तर तो पोफळीवर चढणार नाही. त्याच्या बापाने काहीच उत्तर दिले नाही.

दिवेआगरवरून श्रीवर्धन. पेशव्यांचे भट घराणे मूळचे येथले. बाळाजी विश्वनाथांच्या घराण्याकडे येथली देशमुखी होती आणि सिद्दीशी वितुष्ट आल्यावर ते घाटावर गेले. म्हणजे नगरची निजामशाही खाली कोकणात आली तशी कोकणातली पेशवाई वर घाटावर गेली. चाचांना मात्र इतिहासाची भूक आता संपली होती. त्यांना वाडी पाहायची होती.

वाडीचे मालक वयाने चाचांच्याच बरोबरीचे. दोघांचे वडील एकमेकांशी व्यवहार करीत, पत्रे आणि हुंड्या चालत. "या तांबोळीशेठ, पंधरा वर्षांनी पाय लागले," म्हणून त्यांनी ओटीवर बसवले. कोकम सरबत आले. मग आम्ही वाडीत शिरलो. पोफळीची वाडी पूर्वी सावलीची असे, आत शिरले की दुपारी संध्याकाळ वाटे. आता मध्येमध्ये मोठाल्या उजेडाच्या जागा होत्या. एकेका जागेत पुरुषभर उंचीची नवी रोपे. पोफळीला फळ धरायला सहा-सात वर्षे लागतात आणि पुरते उत्पन्न यायला त्याहून जास्त. "उभी राहिली ती झाडं देतायत. ही लेकरं अजून लहान आहेत," काका म्हणाले. पूर्वी चढणारा गडी एका पोफळीवर चढला की झाड झुलवून दुसरीवर जाई, अशी दहा-बारा झाडे उतरवूनच खाली येई. आता झाडे लांब लांब, प्रत्येक झाडाला वेगळे चढणे, मजुरी वाढलेली आणि गडी कमी झालेले. मिरीचे वेल आणि जायफळे पोफळीच्या आधाराने होती, तीही गेली. श्रीवर्धनला कोकण कृषी विद्यापीठाचे सुपारी संशोधन केंद्र आहे, रोपे तेथली. मालाला नाव आहे, मागणी आहे, माल नाही.

अंगणात सुपारी वाळत घातली होती. सालासकट महिना-सव्वा महिना उन्हात, वरचेवर हलवत राहायचे, मग सोलायची. चाचा उकिडवे बसले, एक उचलली, कानाजवळ हलवून पाहिली. खिशातून अडकित्ता काढला, फोडली. आत पांढरी. दोघेही काही वेळ बोलले नाहीत.

सुपारीच्या धंद्याविषयी एक गोष्ट आम्ही तांबोळी बांधवांपासून लपवू इच्छित नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ साली सुपारी स्वतःच, तंबाखू नसतानाही, कर्करोगाला कारण ठरते असे जाहीर केले आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखा आणि पानमसाल्याला बंदी आहे. खाण्याच्या सुपारीवर पुढच्या पिढीने घर उभारावे असे आम्हाला वाटत नाही, आणि चाचांनाही वाटत नाही. त्यांचा नातू रिक्षा चालवतो ते काही उगीच नव्हे. पण पूजेची सुपारी, लग्नाच्या विड्याची सुपारी, आमंत्रणाची सुपारी ही वेगळी बाब आहे. ती खाल्ली जात नाही, मांडली जाते. तिला मोठी, गोल, न किडलेली, डाग नसलेली सुपारीच लागते, आणि तेथे रोठ्याला तोड नाही. चाचांचे म्हणणे, एवढाच माल धरावा, थोडा धरावा आणि चोख धरावा.

ओटीवर बसून बोलणी झाली. काकांनी भाव सांगितला. चाचांनी तो ऐकून डोळे मिटले. दक्षिणेकडच्या मालाचा भाव त्यांनी सांगितला, तेव्हा काका म्हणाले, "मग तिकडून घ्या की शेठ. मी रागावणार नाही." चाचा म्हणाले, "तिकडून घेतोच आहे. तेवढ्यासाठी दोन दिवस गाडीत बसून आलो नाही." मग पुन्हा सरबत आले. घरातली म्हातारी दारात येऊन चाचांच्या बेगमची चौकशी करून गेली. शेवटी तीन पोत्यांवर सौदा ठरला. पूर्वी हाच माणूस तीस नेत असे. वाहतूक चाचांकडे, किडकी आणि फुटकी काकांकडे, हिशेब होळीनंतर. चाचांनी बयाण्याची रक्कम मोजून दिली. काकांनी चिठ्ठी लिहायला कागद मागवला, तेव्हा चाचा म्हणाले, "आपल्या वडिलांनी कधी चिठ्ठी केली नाही." काका म्हणाले, "त्यांच्या वेळी वादळ झालं नव्हतं," आणि चिठ्ठी लिहूनच दिली. आम्ही साक्षीदार म्हणून सही केली.

परतीला म्हसळा, माणगाव आणि ताम्हिणी घाटाचा रस्ता धरला. माणगावच्या पुढे निजामपूर नावाचे गाव लागते. पाटी वाचून चाचा हसले आणि म्हणाले, गाडी थांबवा, चहा घेऊ. टपरीवर त्यांनी खिशातली फोडलेली सुपारी काढली, अर्धी टपरीवाल्यापुढे धरून विचारले, "कुठली सांगा?" त्याने ती उजेडात धरली आणि क्षणात सांगितले, "श्रीवर्धनची. आता मिळते का हो कुठे?"

"तीन पोती," चाचा म्हणाले.